बाहेरून आणलेले कारभारी

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये पत्ता आकड्यांत सांगतात. आठवा क्रॉस, पंधरावा क्रॉस, अठरावा क्रॉस. लांब मुख्य रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे हे क्रॉस, अशी सगळी आखणी. रिक्षावाल्याला आकडा आणि रस्ता सांगितला की पुढे काही विचारावं लागत नाही. जुन्या भागात घरांच्या मागच्या अंगाला नीट पाहिलं तर दोन ओळींच्या पाठी जिथे भिडतात तिथे एक अरुंद बोळ सापडतो. काही बोळ बुजलेत, काहींत दुचाक्या लावलेल्या असतात. हे कन्झर्व्हन्सी लेन. मैला उचलणाऱ्या माणसांनी समोरच्या रस्त्यावर दिसू नये, मागच्या मागे टोपल्या भरून न्याव्यात, म्हणून ते आखले होते. शहराच्या आरोग्याचा विचार आणि जातीची उतरंड एकाच नकाशात कशी बसते, हे पाहायचं तर हा बोळ पुरे.

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वसाहती १८९०च्या दशकात, शेषाद्री अय्यर म्हैसूरचे दिवाण असताना आखल्या गेल्या. आखणी आधीची, पण लोक तिकडे पळाले ते प्लेगमुळे. ऑगस्ट १८९८मध्ये रेल्वेच्या वाटेने प्लेग बंगळुरूत शिरला. मुंबईत तो १८९६मध्ये आला होता. मांडवीत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. तिथून पुणे, धारवाड, हुबळी करत तो दक्षिणेला उतरला. १८९१च्या शिरगणतीत बंगळुरूची, म्हणजे पेठ आणि लष्कर मिळून, वस्ती १,८०,३६६ होती. १९०१मध्ये ती १,५९,०४६ भरली. मेले किती आणि गाव सोडून गेले किती याची फोड या आकड्यांत नाही, पण दहा वर्षांत वस्ती एकवीस हजारांनी घटली ही गोष्ट दडत नाही.

१८९८मध्येच म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर नेमला. त्याचं नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव, सरकारी कागदांतले व्ही. पी. माधवराव. जन्म १० फेब्रुवारी १८५०, गाव कुंभकोणम, घरची भाषा मराठी.

कुंभकोणमला मराठी कुठून आली, त्याचा एक धागा मल्लेश्वरममध्येच आहे. वसाहतीला ज्याच्यावरून नाव पडलं ते मल्लपुराच्या टेकडीवरचं काडु मल्लेश्वराचं देऊळ, आणि तिथला १६६९चा एक शिलालेख. त्या लेखानुसार या देवळातल्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिलं गेलं. दान देणारा एकोजी, म्हणजे शहाजीराजांचा मुलगा, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी. बंगळुरू शहाजींच्या जहागिरीतलं, १६३८पासूनचं. पुढे १६७०च्या दशकात व्यंकोजींनी तंजावर घेतलं आणि तिथे मराठ्यांचं राज्य उभं राहिलं. त्या राज्याबरोबर कारकून, हिशेबनीस, शास्त्री, कारभारी अशी घराणी कुंभकोणमसारख्या कावेरीकाठच्या गावांत स्थिरावली. १८५५मध्ये राज्य खालसा झालं, तरी घराणी राहिली. घरात मराठी, बाहेर तमिळ, पुढे शाळेत इंग्रजी, आणि हातात दोनशे वर्षांची कारभाराची सवय. गादी गेल्यावर या मंडळींनी करायचं काय? त्यांनी दुसऱ्यांच्या गाद्या सांभाळल्या.

सर टी. माधवराव त्यांतले सर्वांत नावाजलेले. तेही कुंभकोणमचेच. १८५७ ते ७२ त्रावणकोर, मग इंदूर, मग १८७५ ते ८२ बडोदा. सयाजीराव लहान असताना बडोद्याचा कारभार त्यांनीच रुळावर आणला. आपले व्ही. पी. माधवराव त्याच वाटेने गेले. पदवी कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातून, नोकरी म्हैसूर संस्थानात, आधी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून. मग महसूल, न्याय, पोलीस असं एकेक खातं करत ते म्हैसूरचे इन्स्पेक्टर जनरल ऑफ पोलीस झाले, आणि १८९८मध्ये प्लेग कमिशनर.

वर्षभरापूर्वीच, जून १८९७मध्ये, पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांना चापेकर बंधूंनी गोळी घातली होती. घरात गोऱ्या शिपायांनी घुसावं, बायामाणसांना उघड्यावर तपासावं, देवघरापर्यंत बूट जावेत, याचा तो राग होता. तेव्हा हिंदुस्थानात प्लेग कमिशनर होणं म्हणजे काय हे माधवरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उपाय बंगळुरूतही तेच होते: रोगी वेगळा काढायचा, घर रिकामं करायचं, छावणीत न्यायचं, हाफकिनची लस टोचायची. लोक इथेही घाबरले, इथेही लपवालपवी झाली. पण या संस्थानाच्या हातात पुण्याच्या मानाने एक गोष्ट जास्त होती. पेठेतून बाहेर काढलेल्या माणसाला जायला आखलेली, मोकळी, उंचावरची जमीन होती. छावणीची भीती आणि मल्लेश्वरमचा प्लॉट यांत ज्याला निवड करता आली, त्याने प्लॉट निवडला. ज्याला परवडलं त्याने, हे लगेच जोडायला हवं. ही वसाहत मुळात नोकरदार, वकील, व्यापारी अशा वरच्या थरासाठीच होती.

याच वर्षांत दुसऱ्या टोकाला, जर्मनीत, एक माणूस नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत होता. शहर पसरायचं तर जमीन आणायची कुठून आणि तिची किंमत भरायची कुणी? फ्रांत्स आडिकेस हे त्याचं नाव. १८९१ ते १९१२, एकवीस वर्षं तो फ्रँकफर्टचा महापौर होता. माधवरावांपेक्षा चार वर्षांनी मोठा, जन्म १९ फेब्रुवारी १८४६, हानोव्हर राज्यातल्या हार्सेफेल्ड नावाच्या गावी.

महापौर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो झगा, साखळी आणि फीत कापायची कात्री. बंगळुरूत महापौरपद २०२०पर्यंत एका वर्षाचं असे, महाराष्ट्रात ते अडीच वर्षांचं, आणि खरी सही आयुक्तांची. त्या काळच्या प्रशियात उलटं होतं. तिथला ओबरबुर्गरमाइस्टर हा व्यावसायिक प्रशासक असे. नगरसभा त्याला बारा वर्षांसाठी निवडे, पगार देई, मुदत संपली की पुन्हा निवडू शके. तो बहुधा कायदा शिकलेला आणि बहुधा परगावचा. लहान शहरात दुय्यम महापौर म्हणून हात बसवायचा, काम दिसलं की मोठ्या शहराने उचलायचं. आडिकेसने हायडेलबर्ग, म्युनिक आणि ग्योटिंगेनला कायदा केला. १८७३मध्ये डॉर्टमुंडला दुय्यम महापौर, १८७७मध्ये हाम्बुर्गला खेटून असलेल्या आल्टोनाला त्याच पदावर, १८८३मध्ये तिथेच मुख्य महापौर. फ्रँकफर्टचा महापौर योहानेस मिकेल प्रशियाचा अर्थमंत्री होऊन बर्लिनला गेला आणि रिकाम्या जागी फ्रँकफर्टकरांनी आल्टोनाहून आडिकेसला आणलं.

डॉर्टमुंड, आल्टोना, फ्रँकफर्ट. आणि माधवरावांची यादी, पुढे येणारी पदं धरून: म्हैसूर, त्रावणकोर, पुन्हा म्हैसूर, बडोदा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मला तरी वाटतं, या दोघांची जात एकच. तंजावरी मराठी दिवाण आणि जर्मन महापौर हे बाहेरून आणलेले, कामासाठी ठेवलेले, कामावरून मोल ठरणारे कारभारी. गावात त्यांची भाऊबंदकी नाही, वडिलोपार्जित वाडा नाही, रस्त्यात जाणारी जमीन मेव्हण्याची निघत नाही. शहराच्या नकाशावर सरळ रेघ ओढायला असा माणूस सोयीचा पडतो.

फ्रँकफर्टच्या आसपासची रेघ ओढणं मात्र सोपं नव्हतं. त्या मुलखात बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटायची रीत होती. पिढ्यान् पिढ्यांच्या वाटण्यांनी शेतांच्या लांबच लांब, चिंचोळ्या पट्ट्या झालेल्या. एका पट्टीवर घर बसत नाही, दोन शेजाऱ्यांचं पटत नाही, आणि पन्नास मालकांतला एक अडून बसला की रस्ता अडलाच. सातबाऱ्यावर अकरा नावं असलेल्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दरम्यान शहर फुगत होतं. आडिकेस आला त्याच वर्षी, १८९१मध्ये, फ्रँकफर्टने शहराचे विभाग पाडून कुठे किती उंच आणि किती दाट बांधायचं याचे वेगवेगळे नियम केले. जर्मनीत असं करण्यात हे शहर पहिल्या फळीतलं. आज आपल्याकडे नगररचना खात्यात ज्याला झोन म्हणतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

पण त्याचं नाव राहिलं ते जमिनीच्या कायद्यामुळे. युक्ती ऐकायला साधी. समजा एका टापूत वीस शेतकऱ्यांच्या वीस पट्ट्या आहेत, प्रत्येकी चाळीस गुंठे, पण रुंदी इतकी कमी की बैलगाडी वळत नाही. नगरपालिका त्या विकत घेत नाही. ती सगळ्या पट्ट्या कागदावर एकत्र ओतते, बांध पुसते, मग त्या एकत्र जमिनीत रस्ते आणि मोकळ्या जागा आखते, आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी प्लॉट पाडून ज्याच्या त्याच्या हिश्श्याने परत देते. चाळीस गुंठेवाल्याला समजा सत्तावीस-अठ्ठावीस मिळतात. बारा-तेरा गेले खरे, पण उरले ते रस्त्यावरचे, चौकोनी, बांधता येण्याजोगे, आणि भावाने आधीच्या चाळीसपेक्षा जड. रस्त्यांसाठी गेलेल्या हिश्श्याला मोबदला नाही, कारण तो रस्त्याने वाढलेल्या भावातून वळता झाला असं धरायचं. बहुतेक मालक राजी असोत वा एखादा अडलेला असो, योजना सगळ्यांना लागू.

प्रशियाच्या वरच्या सभागृहात आडिकेसने हे विधेयक १८९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं. जमीनदारांचं सभागृह ते; मालमत्तेच्या हक्कावर घाला म्हणून ओरड झाली. दहा वर्षं घासाघीस चालली आणि जुलै १९०२मध्ये कायदा झाला, तोही एकट्या फ्रँकफर्टपुरता. म्हणून त्याला लोक ‘लेक्स आडिकेस’, आडिकेसचा कायदा म्हणू लागले. कायद्याला जिवंत महापौराचं नाव पडणं हा मान होता की कुचेष्टा, हे बोलणारा कोण त्यावर असावं. पुढे त्याने जमिनीच्या आपसूक वाढलेल्या भावावर करही बसवला, १९०४मध्ये. तुमच्या दारासमोरून पालिकेने ट्राम नेली आणि तुमचा प्लॉट दुप्पट झाला, तर त्या फायद्यात पालिकेचाही वाटा, असा त्याचा रोख. बोकेनहाइमसारखी शेजारची गावं त्याने शहरात घेतली, पूर्वेला नदीबंदर बांधलं, आणि शेवटची काही वर्षं एका विद्यापीठामागे घालवली. सरकारी पैशाऐवजी शहरातल्या सावकार-उद्योगपतींच्या देणग्यांवर उभं राहिलेलं ते विद्यापीठ ऑक्टोबर १९१४मध्ये, महायुद्ध पेटल्यावर, सुरू झालं. आडिकेस तोवर निवृत्त होता. ४ फेब्रुवारी १९१५ला तो वारला.

त्याच वर्षी मुंबई इलाख्यात ‘बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट’ झाला, हिंदुस्थानातला आपल्या जातीचा पहिला. त्याआधी, प्लेगनंतर १८९८मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला होता. त्याची रीत मल्लेश्वरमसारखीच, जमीन संपादन करायची, आखायची, प्लॉट द्यायचे. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीकडचा भाग त्यातून घडला. पण संपादनाला रोख पैसा लागतो, आणि प्रत्येक मालक मोबदल्यासाठी कोर्टात जातो. मग मुंबई सरकारने जर्मनीकडे पाहिलं. सनदी अधिकारी बी. डब्ल्यू. किसन यांचा जर्मनीतल्या नगररचना कायद्यांवरचा अहवाल १९१३मध्ये सरकारी छापखान्यातून निघाला, आणि दोन वर्षांनी झालेल्या कायद्यात आडिकेसची युक्ती जवळजवळ जशीच्या तशी उतरली. वाढलेल्या भावातला जास्तीत जास्त निम्मा भाग मालकाने योजनेच्या खर्चाला द्यायचा, अशी भर घालून.

मराठी माणूस या जर्मन महापौराला ओळखत नाही, पण त्याच्या कायद्याच्या नातवंडांत राहतो. वांद्रे, सांताक्रूझ, बोरिवलीच्या पत्त्यांत जे ‘टी.पी.एस.’ येतं ते टाउन प्लॅनिंग स्कीम. पुण्यात डेक्कन किंवा शिवाजीनगरकडच्या जुन्या सोसायटीचं खरेदीखत काढून पाहा: सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबरच्या शेजारी ‘एफ.पी. नंबर’ असतो आणि पुढे भांबुर्डा, हे शिवाजीनगरचं जुनं नाव, लिहिलेलं असतं. एफ.पी. म्हणजे फायनल प्लॉट. सगळ्या पट्ट्या एकत्र ओतून, रस्ते वजा जाऊन, परत मिळालेला तो तुकडा. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही या योजनांचं स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र महाराष्ट्रात ही वाट पुढे ओस पडली आणि त्याच मुंबई इलाख्यातून निघालेल्या गुजरातने ती घट्ट धरली. अहमदाबादचा मोठा विस्तार टी.पी. योजनांवरच झाला. एकच कायदा, एकच वारसा, आणि दोन राज्यांत इतका फरक. माझ्या मते कारण सरळ आहे: या योजनेत अधिकाऱ्याला वर्षानुवर्षं मालकांसमोर बसावं लागतं, एकेकाचं गाऱ्हाणं ऐकावं लागतं. लवकर उरकायची सवय लागलेल्या खात्याला ते नको असतं.

माधवरावांकडे परत येऊ. प्लेगच्या कामानंतर त्यांना सी.आय.ई. किताब मिळाला आणि ते म्हैसूरच्या कार्यकारी मंडळात गेले. १९०४मध्ये त्रावणकोरने त्यांना दिवाण म्हणून बोलावलं. तिथे त्याच वर्षी श्रीमूलम् प्रजासभा सुरू झाली. रयतेच्या प्रतिनिधींनी वर्षातून एकदा जमून सरकारपुढे गाऱ्हाणी मांडायची, अशी ती सभा. अधिकार नावाला, पण त्या काळी तेही थोडं नव्हतं. १९०६ला म्हैसूरने त्यांना परत नेलं, दिवाण म्हणूनच. १९०७मध्ये म्हैसूरची विधान परिषद स्थापन झाली. आणि पुढच्याच वर्षी त्याच दिवाणाच्या कारकिर्दीत वृत्तपत्रांवर लगाम घालणारा कायदा आला. परवान्याशिवाय छापायचं नाही, सरकारला वाटलं तर परवाना काढून घ्यायचा. म्हैसूरच्या पत्रकारांनी त्याविरुद्ध रान उठवलं. सभा भरवणारा हात आणि छापखान्याला कुलूप घालणारा हात एकच, यात आपल्याला आज विसंगती दिसते. त्यांना बहुधा दिसली नसावी. लोकांचं भलं आपल्याला कळतं, लोकांनी ते आपल्या ठरवलेल्या वेळी येऊन सांगावं, अशी ती पिढी. आडिकेसच्या फ्रँकफर्टमध्येही नगरसभेसाठी मत द्यायला उत्पन्नाची अट होती. कामगारवर्गाचा मोठा भाग मतदारयादीबाहेरच राही. भाऊबंदकीतून मोकळा असलेला कारभारी लोकांपासूनही तितकाच मोकळा असतो, ही या पद्धतीची किंमत.

मार्च १९०९मध्ये माधवराव म्हैसूरच्या दिवाणगिरीतून उतरले. त्यांच्या जागी टी. आनंदराव आले, म्हणजे त्या थोरल्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. म्हैसूरला लागोपाठ दोन तंजावरी मराठी दिवाण लाभले. मॅजेस्टिकहून मल्लेश्वरमकडे जाताना लागणारा आनंदराव सर्कल हा याच आनंदरावांच्या नावाचा. बसमधल्या मराठी माणसाला आनंदराव कोण, असा प्रश्न पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. कुणी तरी स्थानिक पुढारी असावा असं समजून तो गप्प बसतो. आनंदरावांनंतर, १९१२मध्ये, विश्वेश्वरय्या आले.

१९१४मध्ये माधवरावांना बडोद्याने बोलावलं. कुंभकोणमचा मराठी माणूस, कन्नड-मल्याळी मुलखात वर्षानुवर्षं कारभार करून, साठी उलटल्यावर मराठी गादीच्या चाकरीत आला. १९१६पर्यंत ते सयाजीरावांचे दिवाण होते. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा बडोदा शहराच्या वाढीवरचा अहवाल १९१६चाच. सरळ रेघा ओढून जुनी वस्ती पाडायला गेडिस यांचा विरोध. प्लेगच्या काळात घरं पाडण्याचा जो सपाटा लागला, त्यावर त्यांनी हिंदुस्थानभर टीका केली.

निवृत्तीनंतर माधवरावांनी सरकारी झगा उतरवला आणि काँग्रेसकडे वळले. १९१९मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या विधेयकावर संसदेच्या संयुक्त समितीपुढे बाजू मांडायला काँग्रेसचं शिष्टमंडळ विलायतेला गेलं, त्यात ते होते. टिळकही त्या दिवसांत लंडनमध्येच होते. अकरा वर्षांपूर्वी वृत्तपत्रांवर परवान्याची अट घालणाऱ्या संस्थानाचा दिवाण आणि त्याच वर्षी अग्रलेखांसाठी मंडालेला गेलेला संपादक, दोघंही एकाच शहरात स्वराज्याचे हप्ते मागत होते. १९३४मध्ये माधवराव वारले.

बंगळुरूच्या पालिकेचं पुढे काय झालं? १८६२पासून तिथे नगरपालिका होती, पण सरकारी अधिकाऱ्यांच्या हाताखालची. १९१३मध्ये मानद अध्यक्षाचं पद आलं आणि ते के. पी. पुट्टण्णा चेट्टी यांच्याकडे गेलं; शहराचा टाउन हॉल त्यांच्याच नावाचा आहे. काही वर्षांनी हे पद निवडणुकीने भरू लागलं. १९४९मध्ये पेठ आणि लष्कर एक होऊन महानगरपालिका झाली, महापौर आला, पण महापौराच्या हाती जमीन आली नाही. ती आधी १९४५च्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाकडे होती, १९७६पासून विकास प्राधिकरणाकडे. प्राधिकरणाची रीत मल्लेश्वरमचीच राहिली, संपादन करा आणि प्लॉट वाटा. कर्नाटकच्या १९६१च्या नगररचना कायद्यात टी.पी. योजनेची तरतूद आहे, पण बंगळुरूने तिला क्वचितच हात लावला. शहराभोवतीच्या पेरिफेरल रिंग रोडची अधिसूचना निघून वीसेक वर्षं होत आली. मोबदल्याच्या दरावरून शेतकरी आणि सरकार यांची ओढाताण अजून चालू आहे. निवडून आलेल्या पालिकेची मुदत सप्टेंबर २०२०मध्ये संपली आणि त्यानंतरची पाच वर्षं बंगळुरूला महापौरच नव्हता. कारभार पाहत होते सरकारने बाहेरून नेमलेले प्रशासक.